जालन्यातील सायंकाळचा बायबल अभ्यासवर्ग : एक अभिप्राय

रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभारली. त्याच जालन्यातील एका चर्चच्या साप्ताहिक अभ्यासवर्गाला मी जातो, आणि दुसऱ्यातील चांगुलपणा ओळखण्याचे इतके नेमके शिक्षण मला अन्यत्र मिळालेले नाही.

योहानकृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायावरील पाठ विशेष उत्तम होता. येशू नासरेथ गावचा आहे हे ऐकून, तेथून काही चांगले निघू शकते का, असे नथनेल नावाचा माणूस विचारतो. तरीही येशू त्याच्या पूर्वग्रहावर बोट न ठेवता, या माणसात कपट नाही, हा त्याचा गुण सर्वांसमोर सांगतो. पूर्वी येशूच्या अनुयायांचा छळ करणाऱ्या ज्या शौलाला (पुढचा प्रेषित पौल) यरुशलेमचे शिष्य भीत होते, त्याला प्रेषितांकडे नेणारा बर्णबाही शिक्षकांनी तितक्याच आत्मीयतेने उलगडला.

ज्याच्याशी आपले पटत नाही, त्याचा एक गुण प्रसंगासह लिहून त्याबद्दल प्रार्थनेत देवाचे आभार मानायचे, हा स्वाध्याय असतो. बांधावरून वाद असलेला शेजारी टंचाईत आपल्या बोअरचे पाणी सगळ्या वस्तीला देतो, असे एका शेतकऱ्याने लिहिले होते. मोघम स्तुती येथे खरोखरच चालत नाही.

बायबलमधील रोमकरांस पत्राचा 12वा अध्याय मात्र घाईत आटोपला. प्रीती निष्कपट असावी आणि वाइटाचा वीटही असावा, असे तेथे एकत्र सांगितले आहे, त्यामुळे अन्यायावर पांघरूण न घालता गुण कसा पाहावा, याला पूर्ण सत्र हवे होते. कापूस वेचणीच्या दिवसांत मजूर स्त्रियांना सायंकाळी येणे जमत नाही. त्यांच्यासाठी हाच पाठ रविवारच्या उपासनेनंतर पुन्हा घ्यावा.