ॲमकॅस : अर्जाचा खर्च दिसतो, सेकंडरीचा दिसत नाही

अमेरिकेतील एमडी (ही तिकडे डॉक्टरकीची मूळ पदवी) देणाऱ्या बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांत प्रवेशासाठी ज्या एका खिडकीतून जावे लागते, ती ॲमकॅस ही अर्जसेवा आणि ती चालवणाऱ्या एएएमसी या अमेरिकी वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेचीच एमसार नावाची महाविद्यालयांची सशुल्क माहितीसूची, या दोहोंचे हे परीक्षण आहे. अमेरिकेत पदवीचे शिक्षण घेणाऱ्या माझ्या भाचीने आपल्या अर्जाचा मोठा भाग सुटीत फोंड्याच्या घरी बसून पुरा केला. पैसे भरणे, तारखा सांभाळणे आणि निबंध वाचून शंका काढणे ही कामे ओघानेच माझ्याकडे आली, त्यामुळे ही सेवा अर्जदाराच्या शेजारच्या खुर्चीवरून पाहायला मिळाली.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी, कारण आपल्याकडे या बाबतीत मोठा गोंधळ आहे. गोव्यात डॉक्टर व्हायचे म्हणजे बारावीनंतर नीट, मग पर्वरीचे तंत्रशिक्षण संचालनालय आणि नशीब व गुण दोन्ही साथीला असतील तर बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय. १८४२ साली पणजीत सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेचा वारसा सांगणारे ते महाविद्यालय आजही इथल्या बहुतेक घरांचे पहिले स्वप्न असते. तिथून एमबीबीएस होऊन अमेरिकेत जाणाऱ्यांचा मार्ग यूएसएमएलई या तिकडच्या वैद्यकीय परवाना परीक्षांचा आहे आणि त्याचा ॲमकॅसशी काहीही संबंध नाही. ॲमकॅस आहे ती अमेरिकेत आधी चार वर्षांची पदवी घेऊन, किंवा ती घेता घेता, वैद्यकीय शिक्षणाकडे वळणाऱ्यांसाठी. अमेरिकेबाहेरील विद्यापीठांच्या गुणपत्रिका ही सेवा सहसा पडताळून देत नाही आणि ते गुण तिच्या सरासरीत धरले जात नाहीत. म्हणून केवळ गोवा विद्यापीठाच्या बीएस्सीवर इथे अर्ज करू पाहणाऱ्याने पैसे भरण्याआधी थांबावे.

आता सेवेकडे वळू. मे महिन्याच्या सुरुवातीला अर्ज उघडतो, मेच्या अखेरीस किंवा जूनच्या आरंभी तो दाखल करता येतो आणि पडताळणी झालेले अर्ज जूनच्या शेवटी महाविद्यालयांकडे रवाना होऊ लागतात. दाखल होणे आणि रवाना होणे यांच्यामध्ये ॲमकॅसचे कर्मचारी विद्यार्थ्याने भरलेला प्रत्येक विषय, प्रत्येक श्रेयांक आणि प्रत्येक श्रेणी मूळ गुणपत्रिकेशी ताडून पाहतात; जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र व गणित यांची सरासरी वेगळी काढतात. हे काम किचकट आहे आणि ते काटेकोरपणे होते. गर्दीच्या दिवसांत त्याला कित्येक आठवडे लागतात, पण अर्ज कोणत्या टप्प्यावर आहे हे पडद्यावर दिसत राहते. सरकारी कार्यालयात फाइल नेमकी कोणत्या मेजावर अडकली आहे हे शोधण्यात उमर गेलेल्या माणसाला एवढी पारदर्शकताही चैनीची वाटते. गुणपत्रिका आणि शिफारसपत्रे एकदा या सेवेकडे पोहोचली की प्रत्येक महाविद्यालयाशी त्यासाठी वेगळा पत्रव्यवहार करावा लागत नाही, हीदेखील मोठीच सोय आहे.

अर्जाच्या रचनेमागे विचार आहे. कामे आणि उपक्रम यांसाठी जास्तीत जास्त १५ नोंदी करता येतात, प्रत्येकीला ७०० अक्षरांची मर्यादा असते आणि त्यांतील तीन सर्वांत महत्त्वाच्या म्हणून निवडून त्यांवर आणखी १,३२५ अक्षरे लिहिता येतात. वैद्यकाकडे का वळलो, हे सांगणाऱ्या मुख्य निबंधाला ५,३०० अक्षरे मिळतात. ही अक्षरमोजणी मोकळ्या जागांसकट असते. त्यामुळे मायन्यापासून समारोपापर्यंत ऐसपैस लिहिण्याची सवय असलेल्या आपल्या मुलांना पहिले काही दिवस शब्द छाटण्यातच घालवावे लागतात. ही छाटणी त्यांच्या हिताचीच ठरते, असे माझे मत झाले.

माझी मुख्य तक्रार दरपत्रकाविषयी आहे. पहिल्या महाविद्यालयासाठी सुमारे १७५ डॉलर आणि पुढील प्रत्येकासाठी ४५ ते ५० डॉलर, एवढेच आकडे अर्ज दाखल करताना समोर येतात. त्या हिशेबाने १५ महाविद्यालयांचा अर्ज सव्वाआठशे डॉलरच्या आसपास जातो आणि घरातले लोक, जड मनाने का होईना, मान हलवतात. परंतु महिन्याभरात त्याच महाविद्यालयांकडून दुसरा अर्ज, म्हणजे विद्यार्थ्यांच्या बोलीत ‘सेकंडरी’, येऊ लागतो आणि प्रत्येकाचे शुल्क वेगळे असते. ते साधारण ७५ ते १५० डॉलरच्या दरम्यान असते. सरासरी शंभर धरली तरी आणखी दीड हजार डॉलर झाले, म्हणजे पहिल्या खर्चाच्या जवळजवळ दुप्पट. दोन्ही मिळून दोन लाख रुपयांच्या घरात जाणारी ही रक्कम प्रवेशाची नव्हे, केवळ विचारणा करण्याची आहे. गरजूंसाठी एएएमसीची शुल्कसवलत योजना आहे आणि तिचा लाभ मिळालेल्यांना अनेक महाविद्यालये सेकंडरीचे शुल्कही माफ करतात; पण ती अमेरिकेचे नागरिक, कायम रहिवासी आणि निर्वासितांसारख्या काही गटांपुरती आहे. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या गोव्याच्या मुलीला तिचा उपयोग नाही. सेकंडरीची शुल्के महाविद्यालये ठरवतात, ॲमकॅस नव्हे, हे मान्य. तरीही यादी निवडताना समोर एकूण अंदाजे बेरीज दाखवणे या सेवेला अशक्य नाही, आणि तसे झाले तर अनेक कुटुंबे आपली यादी वेळीच आखूड करतील.

पैशापेक्षा मोठा खर्च वेळेचा आहे. सेकंडरी ॲमकॅसच्या खिडकीत येत नाहीत. प्रत्येक महाविद्यालय आपापल्या संकेतस्थळाचा दुवा पाठवते, तिथे वेगळे खाते उघडावे लागते, वेगळा परवलीचा शब्द ठेवावा लागतो आणि वेगवेगळ्या अक्षरमर्यादांत निबंध बसवावे लागतात. काही मोजकी महाविद्यालये पहिला अर्ज चाळून निवडकांनाच सेकंडरी पाठवतात. बहुतेक मात्र जवळजवळ सर्वांनाच. ड्यूक विद्यापीठासारख्या ठिकाणी निबंधांची संख्या आणि लांबी इतकी असते की तेवढ्या एकाच अर्जाला दुसरीकडच्या तीन अर्जांइतका वेळ जावा. सेकंडरी मिळाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत परत पाठवावी, असा संकेत आहे, आणि बहुतेक महाविद्यालये अर्ज जसजसे येतात तसतसे वाचून मुलाखतींना बोलावत असल्याने त्यात तथ्यही आहे. जुलैत सुरू झालेला हा ओघ नेमका आपल्या चवथीच्या तयारीपर्यंत चालतो. घरात गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीचे सामान येऊन पडलेले असताना ‘आमचेच महाविद्यालय का’ या प्रश्नावर पंधरा वेळा पंधरा निरनिराळी उत्तरे लिहिणारी मुलगी पाहिली, की ही सेवा पहिल्या टप्प्यावर जेवढी सुबक आहे तेवढीच दुसऱ्या टप्प्यावर विद्यार्थ्याला वाऱ्यावर सोडणारी आहे, हे ध्यानात येते.

प्रश्न मात्र चांगले असतात, आणि तिथे थोडे थांबायला हवे. आमचेच महाविद्यालय का. कोणत्या अडचणीला तोंड दिले आणि त्यातून काय बदलले. सहाध्यायांना तुमच्या असण्याने काय मिळेल. पदवीनंतर प्रवेशापर्यंतचे वर्ष कसे घालवणार : बहुतेक सेकंडरी या चार-पाच प्रश्नांभोवती फिरतात. आपल्याकडचा विद्यार्थी नीटचे १८० प्रश्न आणि ७२० गुण यांच्या शिस्तीत वाढलेला. स्वतःविषयी चार चांगली वाक्ये लिहिणे म्हणजे आत्मस्तुती, असे त्याला घरीच शिकवलेले असते. भाचीने समाज आणि पार्श्वभूमी यांविषयीच्या प्रश्नाला लिहिलेल्या पहिल्या मसुद्यात समुद्रकिनारे, पोर्तुगीज वारसा आणि सर्वधर्मसमभाव असे पर्यटन खात्याला शोभेल ते सारे होते, फक्त ती स्वतः नव्हती. पुढे ती आपल्या सत्तरीतील आजोळाकडे वळली. सत्तरी तालुक्यात २०१५ साली माकडतापाचे रुग्ण आढळले. १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेलेला हा विषाणू गोचिडांमार्फत माणसापर्यंत येतो, आणि काजूच्या हंगामात बोंडू वेचायला रानात जाणाऱ्यांना त्याचा धोका अधिक. आजोळच्या बागायतीत काम करणाऱ्या बाया तापाला घाबरत होत्या. पण हंगाम बुडण्याला त्याहून अधिक घाबरत होत्या. आरोग्य केंद्राची सूचना त्यांना वाचून दाखवताना, ‘रानात जाऊ नका’ हा सल्ला ज्याचे पोट रानावर आहे त्याला देता येत नाही, हे शाळकरी वयात तिच्या लक्षात आले होते. हे तिने लिहिले, आणि तो निबंध थोड्याफार फरकाने अनेक ठिकाणी उपयोगी पडला. अशी गोष्ट आपल्या गावांत शोधायला गेले तर पुष्कळांना सापडेल. सेकंडरीचे प्रश्न ती बाहेर काढतात, एवढे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

याच संदर्भात पणजीतील एका परदेशी शिक्षण सल्लागाराकडेही आम्ही चौकशी केली. त्याचे नाव घेण्याचे कारण नाही. एकरकमी शुल्कात ‘सर्व सेकंडरी लिहून’ देण्याची त्याची तयारी होती आणि नमुना म्हणून दाखवलेल्या निबंधात महाविद्यालयाच्या नावाची जागा चक्क रिकामी ठेवलेली होती. ॲमकॅसच्या अर्जात मजकूर आपलाच असल्याचे विद्यार्थ्याला प्रमाणित करावे लागते, याची आठवण करून दिल्यावर त्याने ती केवळ औपचारिकता असल्याचे सांगितले. आम्ही तिथून उठलो. इंग्रजी तपासून देणारा एखादा जाणकार शिक्षक आणि विद्यार्थ्याच्या स्वतःच्या महाविद्यालयातील पूर्ववैद्यकीय सल्लागार एवढे मनुष्यबळ या कामाला पुरते, आणि त्यांतला दुसरा फुकट असतो.

पैसे खर्च करण्याजोगी वस्तू म्हणजे एमसार. वार्षिक वर्गणीची ही सूची प्रत्येक महाविद्यालयाची माहिती एका जागी ठेवते : प्रवेश मिळालेल्यांचे एमकॅट या प्रवेशपरीक्षेतील मध्यवर्ती गुण आणि त्यांचा पल्ला, कोणते विषय अनिवार्य आहेत, शिफारसपत्रांचे नियम, सेकंडरीचे शुल्क, आणि आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाचे म्हणजे परदेशी नागरिकांचे अर्ज ते महाविद्यालय विचारात घेते की नाही. घेणारी महाविद्यालये थोडी आहेत. राज्यांच्या अनुदानावर चालणारी बहुतेक आपल्याच राज्यातील रहिवाशांना झुकते माप देतात. काही ठिकाणी परदेशी विद्यार्थ्याला एका किंवा अधिक वर्षांचे शुल्क आधीच विश्वस्त खात्यात ठेवल्याचा पुरावा द्यावा लागतो, आणि अशा अटी प्रवेशपत्र हाती आल्यावर नव्हे, यादी करतानाच कळल्या पाहिजेत. सूचीची मांडणी रूक्ष आहे. परदेशी विद्यार्थ्यांविषयीचे रकाने कधी कधी इतके त्रोटक असतात की महाविद्यालयाच्या प्रवेश कार्यालयाला थेट विचारून खात्री करावी लागते. तरीही एका सेकंडरीच्या शुल्कापेक्षा कमी पैशांत जी वस्तू निरर्थक ठरणारे अनेक अर्ज टाळते, तिच्या किमतीविषयी कुरकुर करता येत नाही. दरवर्षी ५० हजारांहून अधिक अर्जदार आणि सुमारे २३ हजार जागा भरल्या जाणारी ही स्पर्धा असताना, ज्या दारावर आपल्यासाठी आधीच कुलूप आहे ते ठोठावण्यात अर्थ नाही. त्यामुळे एमसारची वर्गणी अर्ज उघडण्याच्या कितीतरी आधी, डिसेंबर-जानेवारीत भरावी आणि यादी तिच्यावरून करावी.

गोव्यातून ही सेवा वापरताना काही बारीक गोष्टी सांभाळाव्या लागतात. भारतीय कार्डावर परदेशी व्यवहाराची सोय बँकेच्या ॲपमध्ये जाऊन स्वतः चालू करावी लागते आणि मर्यादाही वाढवावी लागते. सेकंडरीची शुल्के एकामागून एक वेगवेगळ्या ठिकाणी जात असल्याने ती मर्यादा आधीच तपासलेली बरी. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे नऊ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. म्हणजे ॲमकॅसला किंवा महाविद्यालयांना दूरध्वनी करायचा तर तो दिवेलागणीनंतरच. लेखी शंकांना येणारी उत्तरे सभ्य आणि बहुधा नियमपुस्तिकेतील उताऱ्यांची असतात. ती पुस्तिका विनामूल्य उपलब्ध आहे आणि आधी वाचली तर निम्मे प्रश्न विचारावेच लागत नाहीत. पावसाळ्यात वीज जाते, म्हणून निबंध थेट संकेतस्थळाच्या चौकटीत न लिहिता वेगळ्या फाइलमध्ये लिहून मग चिकटवावेत.

अर्ज गोळा करणारी आणि पडताळणारी सेवा म्हणून ॲमकॅसला मी पाचपैकी चार गुण देईन, एमसारला साडेचार, आणि सेकंडरीच्या विस्कळीत व्यवस्थेला दोनच. भाचीला मुलाखतींची बोलावणी आली, परंतु ती या सेवेमुळे नव्हे, तेव्हा त्यांचा हिशेब या गुणांत धरलेला नाही. टेक्सासमधील बहुतेक सरकारी महाविद्यालयांसाठी टीएमडीएसएएस आणि ऑस्टिओपॅथीच्या डीओ पदवीसाठी एएसीओएमएएस अशा स्वतंत्र अर्जसेवा आहेत. तिकडे अर्ज करायचा असेल त्याला शुल्क, तारखा आणि निबंध यांचा हिशेब वेगळा मांडावा लागेल.