सांगितलेलं सगळं खरं, भिंतीवरचा रंग खोटा

सासूबाईंच्या काळ्या इरकलीवर, बरोबर पाठीमागे, तळहाताएवढा पिवळट डाग होता. पीठ लागलं असेल म्हणून मी झटकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच. दुपारी त्या हॉलमध्ये भिंतीला टेकून शेंगा फोडत बसल्या होत्या, तेव्हा माझी ट्यूब पेटली. घराला रंग देऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते.

आम्ही लातूरचे. मी शाळेत गणित शिकवते, आणि हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं त्याचीच जास्त लाज वाटणार आहे.

हॉलचा जुना रंग पोपटी होता. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्यांना तो डोळ्यांत खुपायला लागला. पांढराशुभ्रही नको, दुपारच्या उजेडात डोळे दिपतात. त्यांना हवा होता त्यांच्या माहेरच्या घरासारखा, चुन्यात चिमूटभर पिवडी कालवल्यावर येतो तसा. ते घर औसा तालुक्यात होतं, १९९३ च्या भूकंपात गेलं. तेव्हापासून त्या कुणाच्याही घरी गेल्या की आधी भिंती बघतात, मग माणसं.

तर क्रीम. दुकानातल्या शेडकार्डावर क्रीमच्या वीसेक पट्ट्या निघाल्या. नुसत्या बघितल्या तर सगळ्या सारख्याच. शेजारी कोरा पांढरा कागद धरला की फरक कळतो: एक हिरवटाकडं झुकते, एक गुलाबीकडं, एक लिंबाकडं. आम्हाला पाहिजे होती दुधावरच्या सायीसारखी, उबदार. ती सापडली. पेंटरनं तिचा छोटा डबा आणून हॉलच्या भिंतीवर दोन फूट बाय दोन फुटाचा तुकडा रंगवला. सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्यात बघितला. सासूबाई म्हणाल्या, ‘ह्योच.’

पेंटर नात्यातल्या एकाच्या ओळखीचा. पन्नाशीचा, बोलायला गोड, कामाची माहिती भरपूर. मजुरी स्क्वेअर फुटावर आणि मटेरियल त्यानं आणायचं, कारण ‘दुकानात आपल्याला डिस्काउंट आहे मॅडम’. सगळं मिळून ४६,००० ठरले. त्यातले १०,००० फोनवरून पाठवले, बाकी जसं मागेल तसं रोख दिलं. बिल म्हणजे वहीचं फाडलेलं पान: लांबी (भिंत गुळगुळीत करायची पुट्टी), प्रायमर, आणि ‘प्रीमियम इमल्शन ४० लि.’, म्हणजे भिंतीचा धुता येणारा चांगला रंग.

पहिल्याच दिवशी त्यानं वीस लिटरची सीलबंद बादली आणली आणि आमच्यासमोर सील फोडलं. ‘बघून घ्या, नंतर म्हणू नका.’ मी फोटोसुद्धा काढला. आत पांढरा रंग. वर पेंटरसाठी कंपनीचं कूपन होतं, ते त्यानं उघडपणे खिशात टाकलं. त्यात काही गैर नाही, पण ‘बघा, मी लपवून काही करत नाही’ असा त्याचा आव मला भारीच आवडला. मग बादली गच्चीवर गेली. ‘रंग वरच कालवतो, इथं फरशी खराब होते. पोरांना वर पाठवू नका, शिडी मोकळी आहे.’ मे महिना, बेचाळीस डिग्री. गच्चीवर जातंय कोण?

त्या सीलपाशीच मी फसले, आणि तेही उलट्या बाजूनं. दुकानात मशीनवर शेड बनवतात तेव्हा पांढऱ्या बेसचं, म्हणजे ज्यात शेड मिसळतात त्या मूळ रंगाचं, झाकण दुकानातच उघडतात, मशीन थेंबाच्या हिशेबानं रंग सोडतं, मग डबा घुसळून निघतो आणि त्यावर शेडचा नंबर, बेस आणि लिटर लिहिलेलं स्टिकर लागतं. म्हणजे काही ठरावीक तयार शेड सोडल्या, तर कार्डावरून निवडलेली क्रीम कंपनीच्या सीलमध्ये घरी येऊच शकत नाही. सील शाबूत आणि आत पांढरा, म्हणजे क्रीम गच्चीवर हातानं होणार. मी मात्र सील बघून निर्धास्त झाले.

हॉल झाला. बघितलं तर काहीतरी वेगळं. साय मागितली होती, कढी आली होती. मी म्हटलं, ‘दादा, हा तो रंग नाही.’

‘मॅडम, कशाला टेन्शन घ्यायलात? ओला हाय अजून. वाळला की बदलतो.’

खरं आहे, इमल्शन वाळलं की थोडं गडद होतं. वाळला. तरी कढीच.

‘छोटा तुकडा आणि मोठी भिंत, फरक पडणारच.’ हेही खरं. चार भिंती एकमेकींवर रंग टाकतात, त्यामुळं कार्डावरचा फिका रंग खोलीत दाट दिसतो.

‘तुमची ट्यूब पांढरी हाय की. तिच्यात क्रीम हिरवटच दिसणार.’ हे तर अगदीच खरं. घरात ६,५०० केल्व्हिनचे पांढरे दिवे होते. आम्ही गंजगोलाईच्या बाजारातून ३,००० केल्व्हिनचे पिवळसर एलईडी आणून लावले. रात्री हॉल साजूक तुपात न्हाल्यासारखा दिसला आणि मी गप्प झाले. सकाळी सूर्य उगवला, कढी परत. तोवर मला वाटायला लागलं होतं की दोष माझ्याच डोळ्यांत आहे.

बेडरूमच्या एका कोपऱ्यात दोन भिंती दोन तऱ्हेच्या दिसत होत्या. ‘एकीवर खिडकीचा उजेड थेट येतो, दुसरीवर तिरका.’ खरं. भिंतीवर रोलरचे पट्टे? ‘उन्हाळा हाय, रंग पटकन वाळतो, जोड दिसतो.’ तेही खरं. आणि निघताना शेवटचं, ‘महिनाभर भिंत पुसू नका मॅडम, रंग मुरू द्या.’ हेसुद्धा कंपन्याच सांगतात, धुता येणारं इमल्शन पूर्ण घट्ट व्हायला तीन-चार आठवडे लागतात म्हणून. माणूस एक शब्द खोटं बोलला नाही. त्याच्या त्या खऱ्या बोलण्याआडच त्यानं महिनाभराची सोय करून घेतली.

गडद निळा किंवा लाल असता तर पहिल्याच दिवशी पकडला असता. क्रीममध्ये खोट खपते. पांढऱ्यात पिवळं थोडं इकडंतिकडं झालं तर तक्रार करणारा माणूसच किरकिरा ठरतो.

पदराचा डाग दिसला त्या संध्याकाळी मी काळा रुमाल ओला केला आणि भिंतीवर चार वेळा घासला. रुमाल पिवळट पांढरा झाला आणि भिंतीवर फिका गोल पडला. मग पहिला नमुन्याचा तुकडा शोधला. त्यावरून रोलर फिरला होता, पण स्विचबोर्डाच्या मागं त्याची बोटभर कड राहिली होती. तिथं घासलं, रुमालाला काही लागलं नाही. आणि तिथं रंग सायीचा होता.

सासूबाईंनी बोट भिंतीवरून ओढलं, अंगठ्यावर चोळलं आणि म्हणाल्या, ‘माय, ह्यो तर चुनाच झाला की.’

चुना नव्हता, डिस्टेंपर होतं, म्हणजे इमल्शनपेक्षा स्वस्त, घासलं की हाताला लागणारा रंग. गच्चीवर टाकीच्या मागं दोन रिकामे ड्रम सापडले. त्यावर ‘२० किलो’ छापलेलं. इमल्शन लिटरवर विकतात, डिस्टेंपर किलोवर, हे मला तेव्हा दुकानदारानं सांगितलं. सोबत पिवळ्या स्टेनरच्या (पांढऱ्यात कालवायच्या घट्ट रंगाच्या) चार बाटल्या, तळाशी अजून ओल्या. अंदाजानं ओतलेलं स्टेनर, त्यामुळं रोजचं कालवण वेगळं. बेडरूमचा तो कोपरा म्हणजे मंगळवार आणि बुधवार यांच्यातली वेस होती. आमच्यासमोर सील फोडलेली बादली गच्चीवर नव्हती, खालीही नव्हती. ती बहुतेक पुढच्या घरी ‘फोडायला’ गेली असावी.

आता गणित. सातवीच्या पोरांना मी फळ्यावर शिकवते: चार भिंतींचं क्षेत्रफळ = २ × (लांबी + रुंदी) × उंची. आमचा हॉल १६ बाय १२, दोन बेडरूम १२ बाय १०, उंची १० फूट. ५६० अधिक ४४० अधिक ४४०, म्हणजे १,४४०. दारं-खिडक्या वजा केल्या की १,३०० च्या आसपास. लांबी केलेल्या गुळगुळीत भिंतीवर चांगलं इमल्शन दोन हातांना लिटरमागं साधारण १२० ते १४० स्क्वेअर फूट जातं. म्हणजे अकरा लिटर. भिंत खडबडीत धरा, सांडलवंड धरा, पंधरा. मी चाळीसचे पैसे मोजले. हा हिशेब करायला मला दोन मिनिटं लागली, फक्त महिना उशिरा.

फोन लावला. ‘मॅडम, महिना झाला का पुसायला?’ मी ड्रमचं सांगितलं. ‘साइटवर हाय, रात्री बोलतो.’ त्यानंतर फोन बंद.

वकील मैत्रिणीनं सांगितलं की राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन कर, जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येतं. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं शुल्क नाही, तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. आणि लगेच विचारलं, ‘पक्कं बिल आहे ना?’ रंगावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ४० लिटरचं पक्कं बिल कुठल्यातरी दुकानात फाटायलाच हवं होतं. माझ्याकडं सही नसलेलं वहीचं पान, १०,००० चा स्क्रीनशॉट आणि सील फोडतानाचा तो फोटो. त्यात बादली दिसते, आणि माझा चप्पल घातलेला पाय.

शेवटी ज्यानं ओळख करून दिली तो नातेवाईकच मध्ये पडला. ८,००० परत आले, तेही ‘घरातलं माणूस म्हणून’. आता तो नातेवाईक आमच्याशी जरा कमी बोलतो.

डिस्टेंपरवर नुसतं इमल्शन मारून भागत नाही, खालचा थर सुटला की वरचाही सोलून येतो. त्यामुळं हॉल आधी खरवडला, पॉलिश पेपरनं घासला, परत प्रायमर, मग रंग. यावेळी दुकानात मी स्वतः मशीनपाशी उभी राहिले. चार लिटरचे दोन डबे. दोन्हींवरच्या स्टिकरचे नंबर जुळवले आणि भिंतीला लावण्याआधी दोन्ही एका बादलीत एकत्र ओतायला लावले, म्हणजे उरलासुरला फरकही जातो. कालवाकालवी हॉलमध्येच, माझ्या डोळ्यांदेखत. फरशी खराब झाली, होऊ दे. झाकणं अजून कपाटावर ठेवलीत.

बेडरूम तशाच आहेत. पैसे जमले की दिवाळीला बघू. सासूबाई हॉलमध्ये परत टेकून बसायला लागल्यात, पण उठल्यावर आधी पदर पुढं ओढून बघतात.