आदिदास एफ५०: वेगाच्या नावाने विकला जाणारा, ब्रेकसाठी घ्यायचा बूट

९ जुलै २०२४, म्युनिक. युरो स्पर्धेची उपांत्य लढत, फ्रान्स १-० ने पुढे. २१व्या मिनिटाला स्पेनच्या लामिन यमालकडे बॉल येतो तेव्हा तो बॉक्सच्या बाहेर, मैदानाच्या उजव्या अंगाला असतो. समोर फ्रान्सचा राबियो. यमाल पळत सुटत नाही. बॉल डाव्या पायाशी घोळवतो, खांद्याचा एक झोल देतो, राबियो अर्धं पाऊल चुकतो आणि तेवढ्या फटीतून वळणारा फटका लांबच्या खांबाला आतून लागून जाळ्यात. वय १६ वर्षं ३६२ दिवस. युरोमध्ये इतक्या लहान वयात तोवर कुणी गोल केला नव्हता.

हा गोल पुन्हा पाहाल तेव्हा डाव्या पायावरची नजर काढून उजव्या पायाकडे बघा. सगळं शरीर डावीकडे चाललेलं असताना तो पाय जमिनीत रोवला जातो आणि जागचा हलत नाही. तो दोन बोटं जरी घसरला असता तरी फटका वर प्रेक्षकांत गेला असता. उजव्या बाजूने खेळणाऱ्या डावखुऱ्या विंगरचा, म्हणजे मैदानाच्या कडेने चढाई करणाऱ्या खेळाडूचा, सगळा धंदा या टेकू देणाऱ्या पायावर चालतो. विंगरचे स्टड, म्हणजे तळाला खुंट्या असलेले बूट (त्या खुंट्यांनाही स्टडच म्हणतात), विकत घेताना दुकानात मात्र सगळे फटका मारणाऱ्या पायाचं बोलतात. 'बॉलला कसला टच येतो बघा,' वगैरे.

यमाल आदिदासचा एफ५० घालतो. हे नाव जुनं आहे: पहिला एफ५० २००४ मधला. २०१० साली आलेला एफ५० अ‍ॅडिझिरो १६५ ग्रॅमचा होता आणि त्या वजनावरच तो खपला. २०१५ मध्ये कंपनीने हे नाव बंद करून एक्स आणि एस या मालिका आणल्या, आणि २०२४ मध्ये एक्सच्या जागी एफ५० परत आला. जाहिरात तेव्हाही वेगाची होती, आजही वेगाचीच आहे. गंमत अशी की यमालचा खेळ निव्वळ वेगाचा नाहीच. त्याच युरोत स्पेनच्या डाव्या बाजूला असलेला निको विल्यम्स हा खरा धावणारा. यमाल थांबतो, समोरच्यालाही थांबायला लावतो, आणि मग निघतो. म्हणून या बुटाची परीक्षा पळण्यावर न घेता थांबण्यावर घेतलेली बरी. आपल्याकडच्या मैदानांवर तर तेच आधी तपासायला हवं.

एफ५० चार दर्जांत मिळतो: एलिट, प्रो, लीग आणि क्लब. एलिटचं वरचं कापड, ज्याला कंपनी फायबरटच म्हणते, पातळ आणि मऊ असतं. जीभ वेगळी न शिवता विणलेल्या पट्टीसारखी पायावर बसते, त्यामुळे लेसखाली गोळा होत नाही. वजन २०० ग्रॅमच्या आत. खालची पट्टी पातळ आणि कडक, स्टड कोनदार. ओलसर, बारीक कापलेल्या गवतावर ही पट्टी जी पकड देते तिला तोड नाही. स्पेनमधली मैदानं मॅचआधी पाणी मारून तयार केलेली असतात, स्टड पूर्ण आत जातो, आणि पायावरचा भार जमीन आणि पट्टी वाटून घेतात.

आता हाच एलिट मार्च-एप्रिलच्या आपल्या मैदानावर आणा. जमीन वाळून टणक, गवत तुरळक. स्टड जेमतेम चार-पाच मिलिमीटर रुततो, बाकीचा वर अधांतरी. भार स्टडच्या टोकांवर येतो आणि टोकं पातळ पट्टीतून थेट तळव्याला टोचतात: आधी अंगठ्यामागच्या उंचवट्याखाली, मग टाचेखाली. चाळीस मिनिटांनी तळवा जळायला लागतो, खेळाडू इनसोलला दोष देतो आणि जेलचं जाड इनसोल घालतो. त्याने टाच वर उचलली जाते, बुटाची पकड सैल होते, आणि पाय आतल्या आत सरकून नखं काळी पडतात. आजाराचं मूळ सोलमध्ये असताना औषध इनसोलला, असा प्रकार.

कोल्हापुरात पेठापेठांतल्या तालमींच्या पोरांना किंवा गोव्यात कापणीनंतरच्या शेतात खेळणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. अशा जमिनीला लीग बरा. त्याची पट्टी जाड आणि लवचिक असते, दोन्ही हातांनी वाकवली तर बोटांच्या सांध्यापाशी वाकते. पेटीवर एफजी/एमजी लिहिलेलं असतं, म्हणजे टणक गवत आणि मिश्र जमीन दोन्हींसाठी. वरचं कापड एलिटपेक्षा जाड, बॉलचा स्पर्श थोडा बोथट, पण पायावर कुणी स्टड ठेवला तर जीव वाचतो. किमतीचं म्हणाल तर एलिटच्या एका जोडात लीगचे दोन जोड येऊन वर पैसे उरतात. प्रो मधे लटकलेला आहे: लीगपेक्षा बराच महाग, आणि मिळतं त्या मानाने कमी. सेल लागला तरच बघावा. क्लब शिकाऊ मुलांसाठी. रोज सरावाला वापरला तर एक हंगाम जेमतेम काढतो.

खरा घोळ टर्फवर होतो. मुंबई-पुण्यात बराचसा खेळ आता तासाने भाड्याने मिळणाऱ्या कृत्रिम गवतावर होतो, आणि बरीच मंडळी तिथे एफजी घालून उतरतात. कृत्रिम गवताची पाती मातीसारखी फाटत नाहीत. मातीत पाय वळला की माती थोडी तुटते, स्टड सुटतो. टर्फवर स्टड काळ्या रबरी दाण्यांतून खाली जाऊन पात्यांच्या मुळाशी अडकतो, आणि शरीर वळलं तरी पाऊल तिथेच राहतं. मधे काय उरतं? गुडघा. विंगर दर दोन मिनिटांनी जे करतो, म्हणजे जोरात येऊन थांबणं आणि आत कट मारणं, तीच हालचाल इथे सर्वात धोक्याची. 'पकड जास्त तेवढी चांगली' हे विंगरच्या बाबतीत अर्धसत्य आहे. पकड धरावी तशी सुटलीही पाहिजे.

टर्फसाठी टीएफ घ्या. तळाला रबराचे पुष्कळ छोटे ठोकळे, मधे फोमचा थर. एफ५० लीगमध्ये टीएफ मिळतो आणि या सगळ्या मालिकेत पैसे वसूल करणारा बूट तोच. पूर्ण मापाच्या, नव्याने घातलेल्या लांब पात्यांच्या टर्फवर एजी, म्हणजे कृत्रिम गवतासाठीचा, सोलही चालतो: त्याचे स्टड आखूड, संख्येने जास्त आणि बहुधा गोल असतात. पण फाइव्ह-अ-साइडचे, म्हणजे पाच-पाच जणांच्या खेळाचे, टर्फ वापरून वापरून चेपलेले असतात, दाणे कोपऱ्यात जमा झालेले आणि मधे सतरंजी. तिथे टीएफच. शिवाय अनेक ठिकाणी दारावरच 'स्टड चालणार नाहीत' अशी पाटी असते. एफजी सोल टर्फवर वापरून तुटला तर वॉरंटीचा दावाही बहुधा बसत नाही. घर्षणाने पट्टी तापते आणि स्टडच्या मुळाशी तडा जातो, तो दुकानदाराला बघताक्षणी कळतो.

मापाकडे येऊ. एफ५० निमुळता आहे, विशेषतः पावलाच्या मध्यभागी. आपल्याकडे पुढून पसरट पाय पुष्कळ. अशा पायाला लोक एक नंबर मोठा घेतात आणि फसतात, कारण लांबी वाढली तरी टाच सैल होते आणि बुटाचा वाकायचा बिंदू बोटांच्या सांध्याच्या पुढे जातो. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, फुटबॉलचे मोजे घालून भिंतीला टाच लावा, कागदावर सर्वात लांब बोटापाशी खूण करा, दोन्ही पाय मोजा, मोठा धरा. आदिदासच्या जिभेवरच्या लेबलावर यूके-यूएससोबत जेपी हा आकडा असतो, तो मिलिमीटरमध्ये. यूके ७ म्हणजे २५५, यूके ८ म्हणजे २६५, यूके ९ म्हणजे २७५. पाय २६ सेंटिमीटर भरला तर यूके ८ पासून सुरुवात करा. पुढे पाच मिलिमीटर जागा पुरे. अंगठा आडवा बसण्याइतकी जागा ही चालण्याच्या बुटांची मोजपट्टी, स्टडची नाही. करंगळी बाजूने दाबली जात असेल तर एफ५० सोडून द्या. आदिदासचाच कोपा बघा, तो पुढून मोकळा बसतो. कापड सैल होईल या आशेवर राहू नका. हे कातडं नव्हे, जे आज चावतं ते दोन महिन्यांनीही चावतं.

बिनालेसचा प्रकार दिसायला झकास. पण विणलेली कॉलर पायाला घट्ट बसली तरच त्याचा उपयोग, आणि एकदा ढिली पडली की आवळायला काही नाही. उंच पंजाच्या पायाला तो घालतानाच झटापट. लेसवालाच घ्या.

सही-मॉडेलांबद्दल एक गोष्ट. यमालच्या नावाने एलवाय३०४ असं चिन्ह असलेले एफ५० निघाले. ३०४ हा बार्सिलोनाच्या उत्तरेला मातारो शहरात असलेल्या रोकाफोंदा या त्याच्या वस्तीच्या पिनकोडचा शेवट: ०८३०४. वडील मोरोक्कोचे, आई इक्वेटोरियल गिनीची, आणि वस्ती अशीच बाहेरून आलेल्या कष्टकऱ्यांची. गोल झाल्यावर तो बोटांनी हा आकडा दाखवतो. सातव्या वर्षी तो बार्सिलोनाच्या अकादमीत गेला, २९ एप्रिल २०२३ ला वयाच्या १५व्या वर्षी पहिल्या संघात उतरला, त्याच सप्टेंबरमध्ये मोरोक्कोऐवजी स्पेनकडून खेळून जॉर्जियाविरुद्ध पदार्पणातच गोल केला, आणि २०२५ पासून बार्सिलोनाची १० नंबरची जर्सी त्याच्याकडे आहे. ज्या पिनकोडचं नाव घेतलं की तिकडची मंडळी नाक मुरडायची, तो आता बुटावर छापून विकला जातो, याची मौज आहेच. खरेदीच्या दृष्टीने मात्र सही-मॉडेल म्हणजे रंग आणि चिन्ह वेगळं, बूट तोच. गंमत म्हणून घ्यायचा तर घ्या. खेळ म्हणून घ्यायचा तर गेल्या हंगामाच्या रंगातला लीग शोधा, तो हमखास सवलतीत असतो. आणि रोकाफोंदात तो पोरगा खेळायचा ते मैदान सिमेंटचं. तिथे स्टड घालताच येत नाहीत. थांबणं आणि वळणं तो सपाट तळाच्या बुटांत शिकला.

त्यावरूनच मुलांचं. १४ वर्षांखालच्या मुलाला एलिट घेऊन देऊ नका. टाचेचं हाड वाढत असतं, कडक पट्टी आणि टणक जमीन यांत टाचेच्या मागच्या बाजूला दुखणं सुरू होतं, आणि पालकांना वाटतं पोरगं सरावाला टाळाटाळ करतंय. 'वाढत्या अंगाचं' म्हणून दोन नंबर मोठा घेऊन पुढे कापूस कोंबणं हा तर हमखास घोटा मुरगळण्याचा मार्ग. आठवड्यातले बहुतेक सराव टीएफवर, मॅचपुरते स्टड, हे प्रमाण ठीक.

नवा जोड थेट मॅचला घालू नका. घरात फरशीवर सतरंजी टाकून वीस मिनिटं, मग दोन हलके सराव, मग मॅच. फोड येतो तो बहुधा टाचेच्या वरच्या कडेला. तिथे आधीच टेप लावून ठेवा.

पावसाळ्यात हे बूट जातात ते पुढून, बोटांच्या वाकण्यापाशी. चिखल सुकू दिला की तो पट्टी आणि कापड यांच्या फटीत घट्ट होतो आणि प्रत्येक पावलागणिक फट उचकटतो. मॅच संपली की बूट एकमेकांवर आपटून चिखल झाडा, घरी ओल्या फडक्याने आणि जुन्या टूथब्रशने फट साफ करा, इनसोल बाहेर काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला, आणि पंख्याखाली दिवसभर राहू द्या. उन्हात नाही, हेअर ड्रायर नाही, वॉशिंग मशीन तर नाहीच. बाइकच्या किंवा गाडीच्या डिकीत दुपारभर ठेवले तरी गोंद मऊ पडतो.

फट दिसलीच तर अर्ध्या सेंटिमीटरला असतानाच मोच्याकडे न्या. नवे स्टड घेतले की आधी कडेने शिलाई मारून घ्यायची ही आपल्याकडची जुनी सवय, आणि जाड रेक्झिनच्या बुटांना ती लागूही पडते. एफ५० ला नको. पातळ कापडात सुईची भोकं ओळीने पडली की तिकिटासारखं ते त्याच रेषेवर फाटतं, आणि पाणी आत येतं ते वेगळं. मोच्याला सांगा: शिलाई नको, पीयूचं सोल्युशन (गोंद) लाव. दोन्ही बाजू घासून, पातळ थर देऊन, सुकत आल्यावर गरम करून दाबायचं, आणि चोवीस तास दोरीने करकचून बांधून ठेवायचं.

फर्स्ट कॉपीचा सुळसुळाट एफ५० मध्ये जास्त आहे, आणि वरचं कापड आता इतकं हुबेहूब येतं की हात लावून कळत नाही. पेटीवरचा सहा अक्षर-अंकांचा आर्टिकल नंबर जिभेवरच्या लेबलाशी ताडून बघा. मग डाव्या आणि उजव्या बुटाची लेबलं शेजारी धरा: खऱ्या जोडात दोन्हींचे अनुक्रमांक वेगळे असतात. दोन्हीकडे तोच आकडा दिसला तर बूट परत पेटीत.