जुन्या गाडीसाठी बांधलेली दुरुस्तीची थैली: आठ महिने आणि ६,४०० किलोमीटरनंतर

गेल्या जूनमध्ये, पाऊस लागायच्या आधी, मी माझ्या २००२ सालच्या ३५० सीसी मोटारसायकलसाठी दुरुस्तीची एक थैली तयार केली. गाडी सिंगल सिलिंडरची, किक मारून चालू होणारी, कॉन्टॅक्ट पॉइंटच्या (उघडझाप करून प्लगला ठिणगी देणाऱ्या धातूच्या दोन तोंडांच्या) इग्निशनची आणि ट्यूबवाल्या टायरांची आहे. बाजारात तयार मिळणारे संच पाहिले, पण ते नव्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात. त्यांत ट्यूबलेस टायरच्या पंक्चर-स्ट्रिप आणि ॲलन की (षटकोनी पाने) भरपूर असतात. पॉइंट घासायला एखादी बारीक कानस मात्र सापडत नाही. म्हणून ठाण्यातल्या एका शिंप्याकडून जाड कॅनव्हासची, गुंडाळून ठेवता येईल अशी थैली शिवून घेतली आणि सामान एकेक करून जमवले. सगळा खर्च अठराशे रुपयांच्या आसपास आला आणि वजन साडेतीन किलो भरले.

अशा थैलीबद्दल लिहिणारे बहुतेक जण काय काय बरोबर ठेवावे याची यादी देतात. मला त्यापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. रस्त्यात केलेली प्रत्येक जोडतोड किती किलोमीटर टिकली आणि घरी येऊन ती उघडली तेव्हा आत काय दिसले, हे मी एका छोट्या वहीत लिहीत गेलो. या आठ महिन्यांत गाडी ६,४०० किलोमीटर चालली. त्यात घोडबंदर रोडवरचे रोजचे जाणे-येणे आले आणि माळशेज, कसारा, महाड अशा लांबच्या फेऱ्याही आल्या. पुढचा अनुभव त्या वहीवरूनच लिहीत आहे.

सुरुवात क्लच केबलपासून करतो, कारण ठाण्यात राहणाऱ्या माणसाच्या जुन्या गाडीची सर्वात आधी झिजणारी वस्तू तीच आहे. माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंतच्या गर्दीत क्लच किती वेळा दाबावा लागतो ते इथल्या कोणालाही सांगायला नको. जुलैमध्ये मानपाड्याच्या सिग्नलला लिव्हर अचानक सैल लागली. हातमोजा काढून पाहिले तर लिव्हरच्या टोकाला, जिथे वायर शिशाच्या गोळ्यात शिरते तिथे, तारा कुसळांसारख्या बाहेर आल्या होत्या आणि जेमतेम तीन तारांवर सगळा भार होता. पुढच्याच दाबाला त्याही तुटल्या. थैलीत आतल्या बारीक स्क्रूने वायर पकडणारा पितळी गोळा होता. तुटलेले टोक पक्कडीने दीड सेंटिमीटर कापले, ॲडजस्टर पूर्ण आत फिरवून वायरीला ढील मिळवली, गोळा चढवून स्क्रू आवळला आणि पंधरा मिनिटांत गाडी मार्गी लागली. त्या दिवशी मला फार समाधान वाटले होते, आणि चूक तिथेच झाली. केबल दुसऱ्या दिवशी बदलायला हवी होती. मी ती तशीच वापरत राहिलो.

वहीतला आकडा २१२ किलोमीटरचा आहे. महापेहून शिळफाटामार्गे परत येताना मुंब्रा बायपासवर गोळा वायरीवरून सरकला. जेएनपीटी बंदराकडच्या कंटेनरांची त्या रस्त्यावर रात्री अखंड रांग असते आणि कडेला दुरुस्तीला थांबणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. सुदैवाने मी उताराला लागलो होतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून गाडी उतारावर चालती केली, पहिला गिअर टाकला, पुढे प्रत्येक वेळी ॲक्सिलरेटर क्षणभर सोडून क्लचशिवाय गिअर बदलत खारेगावच्या बाजूला उतरलो आणि पेट्रोल पंपाच्या उजेडात गाडी उभी केली. ही युक्ती प्रत्येक जुन्या गाडीवाल्याने मोकळ्या रस्त्यावर आधी दोन-चार वेळा करून पाहावी, कारण अंधारात आणि घाबरलेल्या मनःस्थितीत ती प्रथमच जमत नाही. थांबण्याच्या बरेच आधी न्यूट्रल शोधून ठेवावा लागतो, हे विशेष लक्षात ठेवावे.

घरी तो गोळा उघडून पाहिला तेव्हा कारण कळले. स्क्रू थेट विणलेल्या वायरीवर बसला होता. त्याच्या दाबाने तारा चपट्या होऊन पसरल्या आणि प्रत्येक ओढीला केसभर सरकत गेल्या. आता मी वायरीचे टोक गोळ्याच्या पलीकडे दोन सेंटिमीटर मोकळे ठेवतो, ते उलट दुमडतो आणि दुसऱ्या गोळ्याने पकडतो. घरी बाकावर ताण देऊन पाहिले, ते सरकले नाही. तरीही माझे मत असे आहे की हा उपाय घर गाठण्यापुरताच समजावा. खरा उपाय फार साधा आहे. नवी केबल जुन्या केबलच्या शेजारून, त्याच वळणांनी, केबल टायने बांधून ठेवावी आणि दोन्ही टोकांना ग्रीस लावून वर प्लास्टिकची पिशवी गुंडाळावी. जुनी तुटली की फक्त टोके अडकवायची. त्या रात्री पंपावर माझ्याजवळ नवी केबल थैलीत होती, पण टाकी सैल करून ती ओवायला पाऊण तास गेला.

ऑगस्टमधला माळशेजचा प्रसंग वेगळ्या प्रकारचा. घाट चढताना गाडी आधी फटफट करू लागली, मग तिचा दम गेला. धुके इतके दाट होते की समोरच्या एसटीचे मागचे दिवेच तेवढे दिसत होते. प्लग काढून इंजिनाला टेकवला आणि किक मारली, तर ठिणगी पिवळी आणि अशक्त. पॉइंटचे झाकण उघडून पुन्हा किक मारून घेतली, तेव्हा पॉइंटच्या दोन तोंडांमध्येच मोठी ठिणगी उडत होती आणि दोन्ही तोंडे काळवंडलेली होती. ही कंडेन्सर गेल्याची ठळक खूण आहे. पॉइंट उघडताना तिथे उसळू पाहणारा प्रवाह कंडेन्सर सामावून घेतो. तो निकामी झाला की ठिणगी पॉइंटवरच वाया जाते आणि कॉइलमधून प्लगला पुरेसा दाब मिळत नाही. कंडेन्सर हा ०.२ मायक्रोफॅरॅडच्या आसपासचा लहानसा डबा असतो आणि पॉइंटवाल्या कुठल्याही जुन्या स्कूटरचा किंवा मोटारीचा कंडेन्सर वेळेला चालतो. मी जुन्या कंडेन्सरची वायर सोडवली, नवा कंडेन्सर इंजिनाच्या बाहेरच्या एका बोल्टखाली आवळला, त्याची वायर पॉइंटच्या स्क्रूला जोडली आणि झाकणाच्या फटीतून बाहेर काढली. पॉलिश पेपरने तोंडे पुसली, फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटरच्या दरम्यान ठेवला. दुसऱ्या किकला गाडी चालू झाली.

ही जोडणी मी अजून काढलेली नाही. तिच्यावर गाडी चार हजारांहून अधिक किलोमीटर चालली आहे. मूळ जागी कंडेन्सर इंजिनाच्या उष्णतेत भाजत राहतो. बाहेर त्याला वारा लागतो आणि बदलायचा झाला तर एक बोल्ट पुरतो. गॅरेजवाल्या काकांनीही ती पाहून हात लावला नाही, फक्त वायरीवर रबरी नळी चढवून दिली, म्हणजे कडेला घासून ती उघडी पडणार नाही. माझ्या वहीत कायम राहिलेली ही एकमेव जोडतोड आहे.

फ्यूजबद्दल थोडक्यात सांगतो. जळलेल्या फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळण्याची पद्धत अजून सर्रास दिसते. कृपया ती वापरू नये. फ्यूज जळाला याचा अर्थ कुठेतरी वायर टेकते आहे. चांदी जळणार नाही, त्याऐवजी वायरिंग जळेल, आणि तेही पेट्रोलच्या टाकीखाली. तेवढ्याच अँपिअरचे चार फ्यूज दहा-वीस रुपयांत येतात.

पंक्चरसाठी मी घेतलेला, चाकात फेस भरणारा फवारा मात्र पूर्णपणे निराशाजनक ठरला. ट्यूबवाल्या चाकात खिळा आतल्या आत हलत राहतो आणि ट्यूबला चीर पाडतो. फेस त्या चिरेला धरत नाही. मला त्यावर ११ किलोमीटर जाता आले. पुढे पंक्चरवाल्याने चिकट झालेली ट्यूब बाहेर काढून सरळ बाजूला टाकली, कारण तिच्यावर पॅच बसणे शक्य नव्हते. त्यापेक्षा एक सुटी ट्यूब, दोन टॉमी (टायर उचकटायच्या लोखंडी पट्ट्या) आणि हातपंप यांची जागा कितीतरी मोलाची आहे. पॅच लावायचाच असेल तर सोल्यूशन बोटाला चिकटेनासे होईपर्यंत वाळू द्यावे आणि पावसात ट्यूब छत्रीखाली धरावी. ओलसर रबरावर पॅच दिसायला बसतो, पण हवा भरताच कडेने सुटतो.

ऑक्टोबरमध्ये वडखळच्या खड्ड्यांत मागच्या कॅरिअरचे वेल्डिंग सुटले. मोडलेल्या हाडाला खपच्या बांधतात तशी टायरची एक टॉमी तुटलेल्या नळीला समांतर लावली आणि बांधणीच्या तारेचे दुहेरी वेढे दिले. ही तार घणसोली-खारघरकडे कुठल्याही बांधकामावर सळया बांधताना दिसते. ती नरम असल्यामुळे हाताने वळते, पण त्याच गुणामुळे हादऱ्याने सैलही पडते. चाळीस किलोमीटरनंतर मला ती पक्कडीने पुन्हा पिळावी लागली. नंतर स्क्रूने आवळायच्या स्टीलच्या तीन क्लिप थैलीत टाकल्या. त्या टॉमीला अधिक घट्ट धरतात. सायलेन्सरच्या जवळ केबल टाय लावू नये, नायलॉन तिथे मऊ पडून सुटते. तिथे तारच हवी.

आता टाकीची गोष्ट, जिने मला सर्वात जास्त शिकवले. डिसेंबरमध्ये महाडहून परतताना माणगावच्या जवळ पेट्रोलचा वास येऊ लागला आणि डाव्या मांडीला गार लागले. टाकीच्या डाव्या बाजूला, खालच्या जोडाजवळ, रंगाचा एक लहान फुगवटा फुटला होता आणि त्यातून थेंब जमून ओघळत होता. मी मोजले, साधारण चार सेकंदांना एक थेंब, आणि खाली तापलेले इंजिन. गाडी ताबडतोब बंद केली, पेट्रोलचा कॉक बंद केला आणि ती ढकलत रस्त्यापासून दूर, झाडाखाली नेली. साइड स्टँडवर गाडी डावीकडेच कलते आणि गळती वाढते, म्हणून ती मेन स्टँडवर घेतली. इंजिन हात लावण्याइतके गार होईपर्यंत काहीही केले नाही.

थैलीत एम-सील होते, पण पेट्रोलने ओल्या पत्र्यावर ते धरत नाही आणि धरले तरी घट्ट व्हायला वेळ लागतो. समोरच्या किराणा दुकानात कपड्यांच्या साबणाची वडी मागितली, तेव्हा दुकानातल्या मावशींना कारण लगेच समजले. त्यांचे यजमान शेतातल्या पंपाच्या टाकीला हेच लावत असत. त्या म्हणाल्या, "दादा, आधी फडक्याने कोरडं करा आणि साबण नुसता घासू नका, मळून लावा." मी वडी नखाने खरवडली, चुरा अंगठ्यात पीठ मळावे तसा मळला, थेंब पुसला आणि दुसरा थेंब यायच्या आत गोळा छिद्रावर दाबून धरला. मिनिटभराने अंगठा काढला. साबणाची कड कोरडी राहिली. वरून ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळायचा मोह झाला होता, पण रबर पेट्रोलने फुगते आणि गळती पुन्हा सुरू झाली तरी झाकून ठेवते, म्हणून साबण उघडाच ठेवला.

माणगावपासून ठाण्यापर्यंतच्या सव्वाशेहून अधिक किलोमीटरमध्ये मी दर अर्ध्या तासाला थांबून बोट लावून पाहिले आणि दोनदा, वडखळला व पनवेलच्या पुढे, साबण पुन्हा भरला. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, पण अल्कोहोलमध्ये विरघळतो, आणि आजकालच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. मावशींच्या यजमानांच्या काळापेक्षा हा उपाय आता कमी टिकत असावा, असे मला वाटते. इथेनॉल ओलावाही धरते. टाकीच्या तळाशी पाणी साचून गंज चढायला ते एक कारण आहेच, आणि माझी गाडी पावसाळ्यात बरेचदा अर्ध्या टाकीवर उभी असे.

घरी पेट्रोल काढून, टाकी पाण्याने वारंवार धुऊन ती दुरुस्तीला दिली. कारागिराने छिद्राभोवती खिळ्याचे टोक हलकेच दाबले आणि शेजारी आणखी दोन ठिकाणी पत्रा आरपार गेला. साबणाखाली जे मोहरीएवढे वाटत होते, त्याच्या भोवती रुपयाच्या नाण्याएवढा भाग कागदासारखा पातळ झाला होता. तो कापून नवा तुकडा जोडावा लागला. पत्र्याला आच द्यायची ती टाकी पाण्याने भरून आणि अशा जाणकाराकडूनच. रस्त्यात कोणी वेल्डिंग करून देतो म्हटले तर स्पष्ट नकार द्यावा, कारण रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीतल्या पेट्रोलपेक्षा धोकादायक असते.

थैली बांधायच्या जागेबद्दल एक तक्रार आहे. मी ती सुरुवातीला उजवीकडे, सायलेन्सरच्या वर बांधली होती. तिथल्या उष्णतेने सोल्यूशनची ट्यूब सुकली आणि इन्सुलेशन टेपचा गोंद वितळून पान्यांना लागला. आता ती डावीकडे असते आणि टेप वेगळ्या डबीत. दर महिन्याला सोल्यूशन दाबून पाहतो.

सध्या फवारा काढून टाकला आहे. त्याच्या जागी दुसरा कंडेन्सर, स्टीलच्या तीन क्लिप आणि मेणकागदात गुंडाळलेली अर्धी साबणाची वडी आली आहे. क्लचची नवी केबल जुन्या केबलशेजारी बांधून झाली. ॲक्सिलरेटरची अजून बाकी आहे, ती येत्या रविवारी ओवणार आहे.