100 मिमी मॅक्रो लेन्स: अख्खा हिवाळा बर्फाचे क्लोजअप काढल्यानंतर

स्पेसिफिकेशन सगळ्यांना माहितीयेत, 1:1 (म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराएवढी उमटते) आणि पूर्ण मॅन्युअल, त्यामुळे ते उगाळत बसत नाही. माझं भांडण फोकस रिंगशी आहे. घरात लोण्यासारखी फिरते, पण तापमान शून्याखाली गेलं की आतलं ग्रीस घट्ट होतं आणि ती अशी जाम होते की जोर लावावा तर रिंगच्या आधी ट्रायपॉडवरची फ्रेमच हलते. आणि इथे हलून चालतच नाही हो, 1:1 ला अ‍ॅपर्चर एफ/8 ठेवलं तरी जेमतेम 1 मिमी शार्प मिळतं.

सर्व्हिस सेंटरला पाठवली तर ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून परत! अहो, थंडीत अडकते असं फॉर्मवर ठळक लिहिलेलं असताना तुम्ही ती उबदार खोलीत तपासलीत. वर कुरियरचा खर्च माझ्याच माथी. त्या रागात 2 स्टार दिले होते.

आता 4 करतोय, कारण सांगतो. रिंग घरातच 1:1 वर लावून टेपने चिकटवायची आणि बाहेर रेलवर (ट्रायपॉडवरच्या सरकत्या पट्टीवर) कॅमेराच पुढेमागे सरकवायचा. असं करून कुजलेल्या फांदीवरचा हेअर आइस, म्हणजे केसांसारखा बारीक बर्फ, काढला आणि बघतच राहिलो. साल गेलेल्या तेवढ्याच भागावर पांढऱ्या बटा, एकेक केस साधारण 0.02 मिमी जाड, तरी सुटा सुटा दिसतो, वळणासकट. हे एका बुरशीचं काम, एक्सिडिओप्सिस एफ्युसा. आल्फ्रेड वेगेनर या शास्त्रज्ञाने 1918 मध्येच बुरशीवर बोट ठेवलं होतं, नेमकी कुठली ते 2015 मध्ये कळलं. ऊन लागलं की खेळ खलास, म्हणून पहाटेच जायचं.

60 मिमी स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका. ती बर्फाच्या फार जवळ न्यावी लागते, आणि आपल्या नुसत्या श्वासाने दहिवराची टोकं वितळतात. शटर दाबेपर्यंत मी तोंड बाजूला फिरवतो. एक्स्पोजर +1 ठेवा नाहीतर बर्फ करडा येतो, जादा बॅटरी आतल्या खिशात, आणि घरात शिरायच्या आधी कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद, नाहीतर लेन्सवर दव धरलंच.

पाचवा स्टार मात्र रिंग दुरुस्त झाल्याशिवाय नाही. वॉरंटी संपायच्या आत परत पाठवतोय, यावेळी थर्मामीटर शेजारी ठेवून काढलेला व्हिडिओ जोडून.