शिसं-कॅडमियमच्या मातीत काय घालावं: शेणखत की पऱ्हाटीचा बायोचार (कपाशीच्या वाळल्या काड्यांचा कोळसा)?

नाल्याच्या पाण्यावर वर्षानुवर्षं भाजी काढलेल्या जमिनीत शिसं, कॅडमियम साठलेलं असतं. कुठल्याही खतानं ते नाहीसं होत नाही, फक्त मुळांच्या हाती सहज लागत नाही. म्हणून खताआधी आणि नंतर दोन महिन्यांनी माती डीटीपीए पद्धतीनं तपासा, म्हणजे पिकाला मिळू शकणारा धातू तेवढा मोजला जातो. एकूण धातूचा आकडा जवळपास तोच येतो, त्यावरून काहीच कळत नाही.

शेणखत सहज मिळतं आणि लवकर गुण देतं. 100 चौरस फुटांच्या वाफ्यात वरच्या 15 सेंमी थरात अंदाजे 1,800 किलो माती धरा. 2 टक्क्यांनी 36 किलो खत लागतं. ते पुरतं कुजलेलं हवं. कच्च्या खतातले विरघळणारे सेंद्रिय अंश धातूला, विशेषतः तांब्याला, पाण्याबरोबर ओढून नेतात. बोर्डोचं (मोरचूद-चुन्याच्या फवारणीचं) तांबं साचलेल्या द्राक्षबागेत हे जास्त जपावं.

खरी कटकट पुढेच आहे. आपल्या उन्हात शेणखत टिकत नाही. ते झिजत गेलं की धरलेला धातू सैल होऊ लागतो, आणि पुन्हा गाडी मागवा, पुन्हा पसरा. दर वर्षी हेच. माझा कल बायोचारकडे झुकला तो यामुळेच. त्यातला बराचसा कार्बन वर्षानुवर्षं मातीत राहतो.

मेहनत मात्र आहे. पऱ्हाट्या खड्ड्यात थराथरानं पेटवायच्या, वर राखेची पांढरी झाक दिसली की पुढचा थर टाकायचा आणि शेवटी भरपूर पाण्यानं विझवायचं. उशीर केलात तर हाती राखच. रंगवलेलं लाकूड अजिबात नको, जुन्या रंगातलं शिसं थेट वाफ्यात येईल. कोळसा ओला असतानाच 2 मिमीपर्यंत कुटा, कोरडी भुकटी छातीत जाते. मग तितक्याच शेणखतात तीनेक आठवडे मुरवा, नाहीतर पहिल्या पिकाला नत्र कमी पडतं. वाफ्याला 18 किलो कोळसा पुरावा.

कोकणच्या आम्ल जांभ्या मातीत तो सामू (पीएच) वाढवतो, म्हणून तिथे जास्त उपयोगी. काळ्या चुनखडीच्या जमिनीत सामू आधीच 8 च्या वर असतो. फरक कमी दिसेल, वर लोह-जस्त अडकून पानं पिवळी पडू शकतात. तिथे शेणखतच बरं, हे मान्य.

शहरी कचऱ्याचं कंपोस्ट घेणार असाल तर आधी तपासणी अहवाल मागा. खत नियंत्रण आदेशात किलोमागे शिशाला 100 आणि कॅडमियमला 5 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. मातीत आर्सेनिक असेल तर कंपोस्ट जपून, त्यातलं स्फुरद त्याला मोकळं करतं.

सुरुवातीला पालक टाळून भेंडी, दोडका लावा. पालेभाजीकडे वळताना मातीच्या आकड्यावर विसंबू नका, पानंच प्रयोगशाळेत द्या.