इको, एमआरआय की बायोप्सी? मायोकार्डायटिसचा संशय आलेल्या मुलासाठी

उलट्या, पोटदुखी, मलूल चेहरा. ऐन उन्हाळ्यात सोलापुरात असं मूल कॅज्युअल्टीत आलं की हात आपोआप सलाईनकडे जातो. मोहोळकडची सहा वर्षांची एक मुलगी अशीच आली होती. ताप जेमतेम १००, नाडी १७०. "सकाळपासून पाण्याचा घोटबी ठरंना ओ डॉक्टर," आई सांगत होती. पहिल्या बोलसनंतर (एकदम सोडलेल्या सलाईननंतर) नाडी उतरायला हवी होती, ती चढली. बरगडीखाली दोन बोटं लागणारं लिव्हर चार बोटं लागू लागलं. तेव्हा कुठे सलाईन थांबवलं. सूज हृदयाच्या स्नायूला होती, म्हणजे मायोकार्डायटिस; सलाईनचा भार त्या हृदयाला पेलत नव्हता.

ताप एक अंश सेल्सिअस चढला की नाडी साधारण १० ठोक्यांनी वाढते. हा हिशोब जुळत नसेल तर आधी ईसीजी काढा. कमी उंचीचे क्यूआरएस (ठोक्याची मुख्य लहर), त्यामागच्या एसटी-टी भागातले बदल, हार्ट ब्लॉक (ठोक्याच्या विद्युतसंदेशातला अडथळा) हे पाच मिनिटांत दिसतं. तान्ह्या बाळात ईसीजीच्या लीड वन आणि एव्हीएल या पट्ट्यांमध्ये खोल क्यू लहर दिसली, तर हृदयाला रक्त पुरवणारी डावी कोरोनरी धमनी भलत्याच जागेहून निघालेली असू शकते; तिथे उपाय शस्त्रक्रियेचा. ट्रोपोनिन ही रक्ततपासणी हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचं सांगतं, कशाने ते सांगत नाही. सेप्सिसमध्येही (रक्तात पसरलेल्या जंतुसंसर्गात) वाढतं, विंचूदंशातही. (शेतातून आणलेलं मूल घामाने भिजलेलं आणि हातपाय गार असेल तर आधी दंश शोधा. त्यावर औषध प्राझोसिन; महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी ते रुजवलं.)

खरा पेच पुढे. नातेवाईक विचारतात, "पुण्याला नेऊन एमआरआय करायचा का?" स्नायूतली सूज एमआरआयच दाखवतो, २०१८ मध्ये सुधारलेले लेक लुईस निकष (एमआरआयवरून मायोकार्डायटिस ओळखण्याचे नियम) त्यासाठीच आहेत. पण त्यासाठी बराच वेळ आडवं, निश्चल पडून राहावं लागतं. लहान मुलाला त्यासाठी भूल लागते, आणि थकलेल्या हृदयाला भूल देणं म्हणजे कार्डिअॅक अरेस्टची जोखीम. यंत्र शेजारच्या इमारतीत असलं तरी हे बदलत नाही.

इकोला, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीला, सूज थेट दिसत नाही, हे मान्य. पण तो कॉटपाशी येतो आणि सहा तासांनी पुन्हा करता येतो. पंपिंग किती, झडप गळते का, हृदयाभोवती पाणी आहे का, हे कळतं. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते: झपाट्याने आलेल्या मायोकार्डायटिसमध्ये कप्पा फारसा फुगलेला नसतो, भिंत जाड दिसते, जुन्या डायलेटेड कार्डिओमायोपॅथीत (हृदय ताणून फुगण्याच्या आजारात) कप्पा फुगलेला, भिंत पातळ. तान्ह्या बाळाचं हृदय असं फुगलेलं दिसलं तर कॅल्शियम तपासायला विसरू नका, ते कमी असेल तर भरून काढलं की हृदय सावरतं.

म्हणून पहिले दोन दिवस माझं मत इकोलाच. पुण्याचे अडीचशे किलोमीटर फोटोसाठी नव्हे, एक्मोसाठी (हृदय-फुप्फुसांचं काम तात्पुरतं करणाऱ्या यंत्रासाठी) राखून ठेवा. रक्तातलं लॅक्टेट (अवयवांना रक्त कमी पडल्याची खूण) चढतंय, लघवी कमी होतेय, इनोट्रोप (हृदयाचा जोर वाढवणारं औषध) वाढवावं लागतंय, ठोके बिघडताहेत, असं दिसलं की तिथल्या टीमला फोन लगेच करा. श्वासनलिकेत नळी घालायची वेळ येईपर्यंत थांबू नका.

बायोप्सी, म्हणजे हृदयाच्या स्नायूचा तुकडा काढून तपासणं, कागदावर सर्वश्रेष्ठ. पण सूज ठिगळाठिगळाने असते, तुकडा नेमका निरोगी जागेतून निघू शकतो, आणि बाळाच्या हृदयाची पातळ भिंत फाटू शकते. उपचारांना दाद न देणाऱ्या किंवा जायंट सेल या गंभीर प्रकाराचा संशय असलेल्या मुलासाठीच तिचा विचार करावा.

त्या मुलीचा एमआरआय झाला, पण सोळाव्या दिवशी. तोवर इनोट्रोप सुटले होते आणि ती कॉटवर बसून शेंगाचटणी-भाकरी मागत होती.